नंबराचा खुंटा

आमच्याकडची घोड्यांची दौड लोकांनी बिघडवली असं मी म्हणत नाही. माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं बिघडवली. महाराष्ट्र झाला त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट, पण आजही आठवली की मस्तकात तिडीक जाते.

दौड म्हणजे पळापळ नव्हे. कापूस घरात आला की नेरच्या अलीकडून निघायचं, मध्ये एक मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी उमरखेडच्या वाटेवरच्या यात्रेत पोचायचं. पहिला कोण आला हे कोणी विचारत नसे. मुक्कामाला प्रत्येकानं आपल्या घोड्यापुढं तोबरा, म्हणजे भिजवलेल्या हरभऱ्याची पिशवी, ठेवायचा. सकाळी पंच प्रत्येक तोबऱ्यात हात घालून पाहायचे. रिकामा असेल तर पुढं जा, भरलेला असेल तर घरी परत. थकलेलं जनावर खात नाही, एवढा साधा हिशोब.

वाट तांड्यातल्या लोकांची होती. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून त्याच वाटेनं जायचे. पायाखाली काळी माती, बाजूला पळस, आणि मुक्काम नाल्याकाठी. जो ज्याच्यासोबत चालत आला त्याच्या शेजारी तो आपलं जनावर बांधायचा. माझी घोडी दरसाल तांड्यातल्या एका म्हाताऱ्याच्या पांढऱ्या तट्टाशेजारी असायची. म्हातारा तिला याडी म्हणायचा, म्हणजे त्यांच्या बोलीत माय. मला कधी त्यानं एवढ्या मायेनं हाक मारली नाही.

त्या वर्षी दादा पंचांचे मुख्य झाले. वडलांच्या मागं घरचा कारभार त्यांच्याकडं होताच, आता दौडीचाही आला. आल्याबरोबर त्यांनी जुनी वाट सोडली आणि दौड नव्या गिट्टीच्या सडकेवर आणली. कायले, तर बाहेरच्या पाहुण्यांना जीपमधून बघता यावी. नाल्याकाठचा मुक्काम उठवून बाजाराच्या पटांगणात नेला. तिथं सिमेंटचा हौद, बांबूवर भोंगा, आणि चुन्यानं नंबर घातलेले खुंटे.

मी म्हटलं, "दादा, गिट्टीवर खूर फुटतीन."

"नाल ठोकून घे."

"अन् वाट काहून बदलवली? जुनीले काय झालतं?"

"नाचता येईना अंगण वाकडं," दादा म्हणाले. मग खाटेवर नीट बसून त्यांनी खरं काय ते सांगितलं. "आता दारात एस्टी येते. घोडी कायले पोसून राह्यलो आपण? यंदा तिनं दौड पुरी केली तं राहीन. नाई तं यवतमाळच्या टांगेवाल्याले देतो. त्याले म्या शब्द देल्ला हाय."

मी रागारागात नाल ठोकून आणले. दुसरं काय करणार होतो?

सडकेवर दिवसभर धूळ खाल्ली. जीप पुढं जायची, थांबायची, पुन्हा मागं यायची आणि आत बसून दादा "सावकाश, सावकाश" म्हणायचे. उंटावरचा शहाणा ऐकून होतो, जीपमधला त्या दिवशी पाहिला. घोडी मात्र झकास चालली. पांढरं तट्टू बाजूला होतं, तोवर तिला गिट्टी काय अन् माती काय. पटांगणात पोचली तेव्हा तिचा घाम वाळलेला होता आणि हौदावर ती पोटभर पाणी प्यायली.

मग खुंटे आले. गावागावाप्रमाणे बांधणी, आणि तांड्याची तट्टं पार शेवटी, हौदाच्या पलीकडं. म्हातारा तट्टू घेऊन तिकडं गेला. घोडीनं मान वळवली आणि खिंकाळली. तोबरा पुढं ठेवला तर तिनं तोंड फिरवलं.

मी दादांकडं गेलो. "तिले तट्टाशेजारी बांधू द्या. ती एकटी खात नाई, तुम्हाले काय सांगाव लागते?"

"खुंटा बदलवला तं बाद," दादा म्हणाले. "आज तुह्यासाठी नेम मोडला, तं उद्या लोक म्हणतीन पंचानं भावाले झुकतं माप देल्लं."

हे ते खोटं बोलत नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग आला. खुंटा सोडला तर बाद, नाही सोडला तर घोडी खात नाही म्हणून बाद. म्हातारा येऊन म्हणाला, "भाऊ, माहं तट्टू आणू काय इकडं?" मी नको म्हटलं. त्याचंही बाद झालं असतं.

सकाळी दादांनी माझ्या तोबऱ्यात हात घातला. वरपर्यंत हरभरा. "घोडी थकली," ते म्हणाले. मग हौदापलीकडं जाऊन तट्टाच्या तोबऱ्यात हात घातला. तोही भरलेला. "हे बी थकलं," म्हणाले आणि पुढच्या खुंट्याकडं गेले. एकाचं नाही, दोन्ही जनावरांचं एकाच दिवशी तोंड कसं बंद झालं, हे एकाही पंचानं विचारलं नाही.

शब्द म्हणजे शब्द. यात्रा आटोपल्यावर घोडी यवतमाळला पोचवायचं काम माझ्याच गळ्यात आलं. गावाबाहेर पडल्यावर ती पाऊल उचलेना. मी तांड्यात गेलो. म्हाताऱ्यानं पांढरं तट्टू सोडलं आणि आमच्यासोबत निघाला. सडक टाळून आम्ही शेताशेतानं गेलो.

टांग्याच्या अड्ड्यावर दोघांना शेजारी बांधलं आणि मी तोबरा घोडीपुढं धरला. तिनं लगेच तोंड घातलं. टांगेवाला म्हणाला, "चला, तुमचं काम झालं." म्हातारा म्हणाला, "तिचं खानं होऊ द्या." ती खात राहिली आणि आम्ही दोघं उभे राहिलो. शेवटचा दाणा संपल्यावर म्हाताऱ्यानं तट्टू सोडलं. ती ओरडत होती. मी मागं पाहिलं नाही.

घरी आलो आणि तोबरा दादांच्या मांडीवर टाकला. "घ्या. रिकामा हाय."

दादांनी आत हात घातला, तळापर्यंत चाचपून पाहिलं.

"तट्टू शेजारी होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"होतं," मी म्हटलं आणि पाय धुवायला निघून गेलो.