दोष हाराचा नव्हता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. चिपरची लाल दांडी मीच बांधून ठेवली होती.

मुलुंडला एका बंद कारखान्याच्या आवारात सुबाभळीचं रान माजलं होतं. ते काढायची परवानगी आली, सुपरवायझर मी. चिपर म्हणजे फांद्यांचा भुगा करणारं मशीन. ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा, म्हणजे पीटीओ, त्याला ताकद देतो. रोलर फांदी आत ओढतात, आत पाती. तोंडाशी लाल दांडी असते. माणूस ओढला जाऊ लागला तर तिला पोटाचा धक्का लागला तरी रोलर थांबतात.

सुबाभळीच्या पसरट फांद्यांनी ती सारखी दबायची. काम बंद, परत चालू.

"तुमचं मशीन काम कमी, आराम जास्त करतंय," कारखान्याच्या मालकाचा इंजिनियर म्हणाला.

"सरकारी नोकरीत लागला वाटता," आमचा ऑपरेटर सदा. माणूस मालवणचा, थट्टासुद्धा गंभीर चेहऱ्याने करायचा.

मला हसू आलं नाही. संध्याकाळी माणसं गेल्यावर मी दांडीच्या बिजागरीला बाइंडिंग वायरचे दोन वेढे दिले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सदाने मशीनची पूजा केली आणि दांडीला झेंडूचा हार बांधला.

तासाभरात एका फांदीच्या बेचक्यात त्याची बाही अडकली. त्याने पोटाने दांडी रेटली. हलली नाही. मी धावत ट्रॅक्टरवर चढलो, पीटीओ बंद केला. रोलरपासून त्याचा हात वीतभर राहिला होता.

सगळे त्याला पाणी पाजत होते, तेवढ्यात मी पक्कडीने तार कापून खिशात घातली.

"दांडी का नाही चालली?" इंजिनियरने विचारलं.

"हार अडकला," मी म्हणालो.

सदाने मान खाली घातली. "हार माझोच, साहेब."

मला शाबासकी मिळाली. सदाला नाव पडलं, हारवाला. त्यानंतर त्याने कुठल्याच मशीनला फूल वाहिलं नाही.

तेव्हापासून माझ्या साइटवर रोज सकाळी पहिली फांदी घालण्याआधी मी स्वतः दांडी दाबून बघतो. घट्ट बाह्या, बुंधा आधी आत, उभं राहायचं बाजूला. फांदी अडकली तर पीटीओ बंद, किल्ली माझ्या खिशात. बोरीवली ते घाटकोपर किती आवारं साफ केली, एकाच्या बोटालाही इजा नाही. दुसरे ठेकेदार आपली माणसं आमचं काम बघायला पाठवतात. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

दांडी बांधली की मशीन थांबत नाही, एवढंच. कुणासाठीच थांबत नाही.

सदा अजून माझ्याकडेच आहे. चूक त्याची नव्हती, हे मी त्याला चारचौघांत सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.