मशीनपुढचे जोडे

शहरातल्या महाल भागात आमचं शिलाईचं दुकान होतं, म्हणजे घराचीच पुढची खोली. बाबा उंबऱ्याबाहेर चपला काढायचे आणि अनवाणी पायांनी मशीन चालवायचे. मशीन म्हणजे लक्ष्मी. दसऱ्याला जिला झेंडूची माळ घालायची, तिला वर्षभर चप्पल लावायची कशी? शुगर निघाली तेव्हा बाबांनी चहातली साखर सोडली, कुरकुरत का होईना, भातही कमी केला. पण घरातसुद्धा अनवाणी फिरू नका, हे डॉक्टरांचं बोलणं त्यांनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

वर ऐट किती! मे महिन्यात गच्चीवर पाय भाजून आम्ही उड्या मारायचो आणि बाबा त्याच फरशीवरून सावकाश जाऊन वाळलेले कपडे आणायचे. "तुमचे पाय लोण्याचे हायेत वं," असं मला आणि आईला चिडवायचे. मला त्यांचा केवढा अभिमान वाटे! आज त्याची लाज वाटते. त्या पायांना काही कळेनासं झालं होतं, आणि आम्ही त्याला काटकपणा समजत होतो.

एका संध्याकाळी दुकान झाडताना आई ओरडली, "हा लाल रंग कोणत्या कापडाचा लागला फरशीले?"

तो रंग नव्हता. मोडलेल्या सुईचं टोक बाबांच्या तळव्यात रुतून जखम चिघळली होती, आणि ते निवांत बसून काज करत होते.

"मले तं काहीच दुखून नाही राहिलं," ते म्हणाले.

"तेच तर वाईट आहे," डॉक्टर दुसऱ्या दिवशी चिडून म्हणाले. "आठ दिवस उशीर केला असता तर पाऊल कापावं लागलं असतं."

बाबांचा चेहरा उतरला. पाऊल गेलं तर मशीन कोण चालवणार? दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात. आमच्याकडे ते चोरपावलानं आलं होतं. जायला मात्र मुंगीचीच चाल धरली. जखम भरायला तीन महिने लागले.

बरे झाल्यावर पहिल्या दिवशी ते परत अनवाणीच मशीनवर बसायला निघाले, तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. "काहून? लक्ष्मीले काय तुमचं रक्त पाहिजे?"

तिनं चांभाराकडून जाड तळाचे, आतून मऊ जोडे करवून आणले होते. त्यांना हळदकुंकू लावलं आणि मशीनपुढे ठेवले. ते जोडे कधी उंबऱ्याबाहेर गेले नाहीत. रोज घालण्याआधी बाबा ते उलटे करून झटकायचे, आत हात फिरवून पाहायचे. संध्याकाळी आई तिचा कुंकवाचा आरसा त्यांच्या तळव्यांखाली धरायची, म्हणजे त्यांनाही दिसावं. पण त्यांची नजर अधू झालेली. बोटांच्या बेचक्यांपर्यंत तीच सगळं बघायची.

"काही हाय काय वं?"

"काही नाही."

हे दोन शब्द ऐकले की मला घर सुखाचं वाटायचं. आता मलाही शुगर आहे. तोच आरसा मी वापरते. विचारायला मात्र कोणी नाही.

बाबा गेले ते हृदयविकारानं, दोन्ही पावलांनिशी. नेण्याआधी आईनं पायांवरची चादर बाजूला केली, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवला, दोन्ही तळवे नीट पाहिले. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "काही नाही."