उरलेली लस

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आणि तो तर जाऊनही बरीच वर्षं झाली. बहिणीला नाही, मुलाला नाही. ओझरच्या गणपतीपुढे कितीदा हात जोडून उभी राहिले, पण तिथेही मी मुलाच्या नोकरीचं मागून परत आले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखलंत तरी माझं आता काय वाकडं होणार आहे? पेन्शन चालू आहे.

मी नर्स होते. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका उपकेंद्रावर. माहेर-सासर दोन्ही मंचरकडचं — कांदा, बटाटा, दारात ट्रॅक्टर. नव्वदच्या दशकात माझी बदली वर झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, काळ्या पाण्यावर धाडली म्हणायची सूनबाईला. वर भात आणि नाचणीवर जगणारी माणसं. त्यांच्या लुगड्यांना चुलीच्या धुराचा वास यायचा, तो मला सहन व्हायचा नाही. खोटं कशाला बोलू? पदर नाकाला लावून मी जनजागृती करायचे.

बोलायला मात्र मी पटाईत. देवळाच्या ओसरीत बायका जमवायच्या आणि सुरू करायचं — गोवर म्हणजे देवीचा कोप नाही, तो रोग आहे, लिंबाच्या पाल्याने जात नाही, लस टोचली की येत नाही. अंगणवाडीच्या बाई म्हणायच्या, तुमच्या तोंडात सरस्वती आहे. असेल. तिने काय काय ऐकलं असेल त्या तोंडातून!

तर ठकू.

ठकू वरच्या वाडीची. तिशीच्या आतली, काटक, कमी बोलणारी. तिचा मोठा मुलगा सोमा तान्हा असताना मी त्याला मांडीत त्रिगुणी लस टोचली होती. तेव्हा काचेच्या सिरिंजा असायच्या, आणि सुयाही त्याच त्याच. निघण्याआधी त्या कुकरमध्ये नीट उकळून घ्यायच्या, हा नियम. त्या सकाळी स्टोव्हमधलं रॉकेल मधेच संपलं. शेजारून आणता आलं असतं. मी आणलं नाही. पाणी गरम तर झालं होतं — मी सुया काढल्या, डब्यात भरल्या आणि निघाले.

सोमाच्या मांडीला गळू झालं. मांडी ही एवढी सुजली. ठकू त्याला घेऊन उपकेंद्रावर आली, तेव्हा तिथे बऱ्याच बायका बसलेल्या होत्या. तिने भांडण केलं नाही. नुसतं विचारलं, "बाई, सुई खराब व्हती का?"

मी म्हणाले, तूच घाण हात लावला असशील, शेण-माती लावली असशील, तुम्हा लोकांना कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. सगळ्यांसमोर म्हणाले. तिने काही लावलेलं नव्हतं, हे मला ती विचारत होती तेव्हाही ठाऊक होतं.

मग ती झऱ्यावर बोलली. पाणी भरताना बायका बोलतात तसं — बाईच्या सुईने माझ्या पोराची मांडी पिकली. खोटं काय होतं त्यात? पण त्यानंतर मी वाडीत पोचले की दारं ओढून बायका रानात. वर्षभर त्या वाडीतून माझ्या ओसरीत एक मूल आलं नाही. महिन्याच्या मीटिंगला डॉक्टरांनी मला उभं केलं आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, बाई, झेपत नसेल तर घरी बसा, बटाटे काढायला माणसं लागतातच. सगळे हसले. मी एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले, आणि माझ्या मनात डॉक्टर नव्हते — ठकू होती. मी तिच्यावर डूख धरला.

एवढ्यावरच थांबले असते तर ही गोष्ट लिहायची गरज नव्हती. नर्सची चूक झाली, रागावली, लोकांनी लस घेतली नाही — असं किती ठिकाणी झालं असेल. मी आडवळणं घेते आहे, कळतंय मला. सांगते.

ठकूला मुलगी झाली. सुंदा. तिचं गोवराच्या लसीचं वय उलटून गेलं तरी ठकू फिरकली नाही. मग पलीकडच्या खोऱ्यात गोवर आला. दोन मुलं गेल्याची बातमी बाजारातून वर पोचली. आणि माझ्या लसीच्या दिवशी, खालच्या गावात, मारुतीच्या ओसरीत मी बसले होते तेव्हा समोरच्या पायवाटेने ठकू उतरताना दिसली.

आता हे नीट समजून घ्या. गोवराची लस म्हणजे बाटलीतली पूड. ती पाण्यात कालवायची, आणि एकदा कालवली की काही तासांत संपवायची. पाच मुलांची लस एका बाटलीत. संध्याकाळी उरेल ती फेकायची, तो नियम. त्या दिवशी मी बाटली गावातल्या दोन मुलांसाठी फोडली होती. दुपार व्हायची होती. बाटली बर्फाच्या डब्यात माझ्या मांडीशी होती, आणि तिच्यात तीन मुलांची लस शिल्लक होती.

ओसरीत तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. अंगणवाडीच्या बाई खिचडी वाटायला गेल्या होत्या. ठकू पायरीशी थांबली. घामाने निथळत होती. सुंदा तिच्या कमरेवर, डोळे मोठे, माझ्या पांढऱ्या साडीकडे बघत होती.

"बाई, चुकलं माजं," ठकू म्हणाली. "लई बोलले मी तुमास्नी. पोरीला टोचा."

चुकलं माझं! कुणाचं चुकलं होतं? आणि मला काय वाटलं, सांगू? मला आनंद झाला. गोड, थंडगार आनंद. मी तिला बस म्हटलं नाही. डब्याचं झाकण लावलं, कडी घातली, सावकाश.

"संपली," मी म्हणाले. "उशीर केलास. जरा लवकर निघाली असतीस तर मिळाली असती. ये पुढच्या महिन्यात."

"बाई, पल्याड गोवर आलाय म्हनत्यात..."

"मग वर्षभर कुठं गेली होती अक्कल?"

तिने माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागे घेतला. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली — कदाचित मी झाकण उघडेन म्हणून — मग मुलीला दुसऱ्या कमरेवर घेऊन चढाला लागली. मी तिला वळणाआड जाईपर्यंत पाहिलं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. नंतर मी देवळामागे जाऊन उरलेली लस ओतून दिली. नियमाने.

मुलगी मरेल असं मला वाटलं नव्हतं — हे वाक्य लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, मलाही. पण गोवर काय करतो हे ओसरीत उभी राहून मीच शिकवत होते ना? मला माहीत होतं. फक्त तिला महिनाभर घाबरवायचं होतं, असं मी पुष्कळदा स्वतःशी म्हणून पाहिलं आहे. घाबरवायचं तर होतंच. पण त्यापलीकडेही काहीतरी होतं, आणि ते काय होतं याच्याकडे मी बघत नाही.

पुढचा लसीचा दिवस यायच्या आधीच वाडीत गोवर शिरला. ठकूने पाला बांधून वाट नाही पाहिली. सुंदाचा श्वास लागताच जीप ठरवली. घाट उतरताना मुलगी तिच्या मांडीवर गेली.

मला जावं लागलं. साथ आली की घरोघर फिरायचंच असतं. ठकू अंगणात बसली होती. बायकांनी मला वाट करून दिली. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "बाई, म्या उशीर केला ना?"

इथे एक शब्द पुरला असता. नाही. एवढंच. कारण सांगायचीही गरज नव्हती, नोकरीही गेली नसती. बाई दुःखात आहे, धीर द्यायला कुणीही नाही म्हणालं असतं.

मी म्हणाले, "हो. उशीर झाला."

वाडी बदलली. पुढच्या खेपेला बायका माझ्या आधी ओसरीत. आणि मी काय केलं? ठकूला वापरली. प्रत्येक सभेत — ठकूची सुंदा आठवा, वेळेवर आणली असती तर आज खेळत असती. ठकू समोर बसलेली असायची. मान खाली. कधीकधी मी तिच्याकडे बोटही करायचे. बायका रडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलं घेऊन यायच्या. पोस्टरने जे झालं नाही ते तिच्या मान खाली घालून बसण्याने झालं. पुढे ती स्वतःच बोलायला लागली. पोलिओच्या रविवारी माझा निळा डबा डोक्यावर घेऊन डोंगर चढायची, दारोदार सांगायची. एक पैसा मागितला नाही. मी देऊही केला नाही. मला वाटायचं, फेडतेय, फेडू दे.

तालुक्याला माझा सत्कार झाला. शाल, नारळ. ठकू खाली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवत होती.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. वाडीत नवी सून आलेली, पुण्यात राहून आलेली, आधीच्या लसीनंतर तिचं बाळ दोन दिवस तापलं होतं म्हणून पुढची लस नको म्हणत होती. ठकू तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. आपलं सगळं सांगितलं — पोरगी, गोवर, जीप. म्हणाली, "येळंवर गेले असते तर जगली असती माजी सुंदा. म्याच मारली तिला. इचार बाईंना, खरं का खोटं."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. ठकूनेही पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कसला संशय नव्हता, नुसती साक्ष मागितली होती.

"खरं आहे," मी म्हणाले, आणि सुई भरायला घेतली.

ठकू आहे अजून. सोमाचं लग्न झालं, त्याची मुलं आहेत. मंचरवरून एसटीने घोडेगाव, तिथून जीप, की संध्याकाळच्या आत वाडीत पोचता येतं. मी गेले नाही. जाणारही नाही. तिला वाचता येत नाही, आणि हे तिला वाचून दाखवणारं कुणी तिथपर्यंत जाईल असं मला वाटत नाही.

तिला अजून वाटतं, आपण उशीर केला. नव्हता केला.