दिवाळीच्या आत शेजारी

आमच्या कॉलनीत भाऊकाकांचा किस्सा सांगायला कुणी बसलं, की पहिल्याचं संपायच्या आत दुसरा ओरडतो, "थांब रे, तुला नीट माहीत नाय!" काकांना जाऊन सहा महिने झाले, पण किस्से संपत नाहीत. उलट वाढतायत. त्यातले अर्धे मी जन्मायच्या आधीचे, तरी मी डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगते. कुणी अडवून दाखवा!

*

रोह्याच्या बाहेर, आज जिथं गाडी लावण्यावरून भांडणं होतात, तिथं तेव्हा नुसती भाताची खाचरं. काका कंपनीत शिफ्टला. पेणचं भरलेलं घर सोडून त्यांनी इथं पहिलं घर बांधलं. सुमनकाकी टेम्पोतून उतरली, चारी बाजूंना बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "घर बांधलंत ते ठीक. पण गाव कुठाय?"

"येईल गो, येईल!"

काकीने तिथंच अट घातली. पुढच्या दिवाळीच्या आत एक तरी शेजारी यायला हवा. नाहीतर ती लेकीला घेऊन पेणला, माहेरी! आणि काकी बोलली म्हणजे बोलली. काकांनाही ते ठाऊक होतं.

*

लेक म्हणजे नंदू, तेव्हा तिसरीत. शाळेत निबंध आला, 'आमचे शेजारी'. नंदूने लिहिलं, "आमच्या शेजारी चार म्हशी असतात. त्या कधी भांडत नाहीत. पण त्या साखर मागायला येत नाहीत, म्हणून आई रडते."

काका वाचून पोट धरधरून हसले. काकी काही हसली नाही. मग काका नंदूच्या वहीला कव्हर घालत बसले.

*

लाईटचं तर विचारूच नका. वीज मंडळाचे साहेब म्हणाले, पाच घरं असतील तरच खांब टाकू. काकांनी अर्ज ठोकला, पाच घरांचा! साहेब तपासायला येणार म्हटल्यावर चार रिकाम्या प्लॉटांवर नारळाच्या झापांच्या चार खोपी उभ्या केल्या, बाहेर काकीच्याच साड्या वाळत घातल्या.

"माणसं कामावर गेलीत," काका म्हणाले. पण पाहुण्याला चहाशिवाय कसं सोडायचं? साहेब ज्या खोपीपाशी जातील, तिच्या मागून एक कप चहा बाहेर यायचा. चौथा कप संपवून साहेब म्हणाले, "काय हो, चारही घरी आलं सारखंच घालतात? आणि आतल्या बाईंना एवढी धाप कशानं लागलीय?"

काकांनी झटकन पाचवा कप मागवला. खांब मात्र आला!

*

माझे बाबा गडब गावचे, त्याच कंपनीत नवीन लागलेले. काकांनी त्यांना कँटीनमध्ये गाठलं आणि श्रावणात प्लॉट बघायला आणलं. प्लॉटवर गुडघाभर पाणी. काका पँट वर दुमडून मधोमध जाऊन उभे राहिले आणि हात पसरून म्हणाले, "पाण्याचा तर इथं प्रश्नच नाय!"

"आणि रस्ता ओ?"

"रस्ता हाय ना! खाली हाय. ओसरला की दिसंल."

आणि माझ्या बापाने तो प्लॉट घेतला! दोन खोल्या, वर पत्रे, आणि दसऱ्याला आई-बाबा राहायलासुद्धा आले. मग एकाला बघून दुसरा, असं करत गाव झालं. पुढं आयुष्यभर काका कुणीही नवीन आलं की छाती फुगवून सांगायचे, "हिच्या बापाला मी पाण्यात उभं राहून पटवला!" काकी तिथंच वाल सोलत बसलेली असायची.

*

काकांच्या तेराव्याला हाच किस्सा निघाला. रडून झालं होतं, आता सगळे हसत होते. नंदू म्हणाली, "बाबांसारखा सेल्समन होणं नाय!"

माझ्या बाबांनी काकीकडे बघितलं. "वहिनी, आता सांगू?"

"सांगा. आता ते कुठं ऐकायला हायत," काकी म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

तर झालं होतं असं. काका चिखलाचे पाय धुवायला घरामागं हातपंपावर गेले. बाबांना जागा अजिबात पसंत नव्हती. निघता निघता त्यांनी काकीला हळूच विचारलं, "वहिनी, तुमी इतके महिने राहताय. खरं सांगा, जागा कशी हाय?"

दिवाळी तीन महिन्यांवर. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. बाबा नाही म्हणाले असते तर काकी सुटली असती.

मागं काका पंप हापसत मोठमोठ्यानं भजन म्हणत होते. काकीने जरा वेळ ते ऐकलं.

"जागा अगदी भिकार हाय, भावोजी," ती म्हणाली. "पण शेजार चांगला मिळंल."