गोलकीपरच्या बदल्यात

"बसून काय होणार आहे?"

दादांना खुर्ची पुढे केली की हे उत्तर ठरलेलं. मग त्याच खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकवून ते उभे राहायचे, दुसऱ्या हाताच्या बोटात गाडीची किल्ली गरागरा फिरवत. समोर बसलेल्या माणसालाच आपलं काहीतरी चुकतंय असं वाटायला लागायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जेवायलासुद्धा ती पूर्ण बसत नाहीत, एक पाय टेबलाबाहेर ठेवून जेवतात.

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावाच्या हॉस्पिटलात मी फार्मसीत होते आणि दादा एक्स-रे आणि एमआरआयच्या विभागात. मूळचे ते खडकीचे. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, आणि कॉलनीमागच्या मुरमाच्या मैदानावर दादा हॉकी शिकले. गुडघे फोडून घेत शिकले, असं ते अभिमानाने सांगायचे. त्यांच्या हॉलमध्ये एका कोनाड्यात बुद्धाची शांत मूर्ती होती आणि तिच्याच शेजारी हॉकीच्या काठ्यांचा भारा. त्या घरात शांत एवढी ती मूर्तीच, असं वहिनी म्हणायच्या.

माझी ओळख झाली ती कॉरिडॉरमध्ये. "तू नाशिकची ना? हॉकी बघतेस?"

"नाही."

"बघशील."

पुढच्याच शनिवारी मी मैदानाच्या कडेला थंडीत कुडकुडत उभी होते. आणि वर्ष संपायच्या आत क्लबच्या वार्षिक सभेत, माझ्या तोंडात सॉसेज रोल असताना, दादांनी कमिटीसाठी माझं नाव सुचवून टाकलं. मला नाही म्हणता येईपर्यंत हात वर झालेसुद्धा.

आमचा क्लब मुलींच्या लीगमध्ये खेळायचा. दादा तिथे रिक्रूटर होते. कुठली मुलगी आणायची, कुणाचा कॉन्ट्रॅक्ट वाढवायचा, कुणाला दुसऱ्या क्लबला देऊन तिच्या बदल्यात कोण घ्यायचं, हे सगळं ते बघायचे. पगार नव्हता. होता फक्त फोन, आणि तो सतत कानाला.

या लीगमध्ये 'कॅप' नावाची एक भानगड होती. सगळ्या खेळाडूंचं मिळून मानधन एका मर्यादेबाहेर जाता कामा नये. श्रीमंत क्लबांनी सगळ्या चांगल्या मुली उचलून नेऊ नयेत म्हणून हा नियम. मला ते पहिल्यांदा कळेना, तेव्हा दादांनी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये उभ्या उभ्या समजावलं. "पातेलं एकच. एकीच्या ताटात सगळं मटण वाढलंस की बाकीच्यांना नुसता रस्सा. आता सांग, मॅच कोण जिंकतं? मटण खाणारी एक, की रस्सा खाणाऱ्या दहा?"

"कोण?"

"तेच तर कळत नाही ना!" असं म्हणून ते निघूनही गेले.

त्यांच्या या नादाची एक गोष्ट आमच्या हॉस्पिटलात सगळ्यांना माहीत होती. एकदा मनगट मोडलेली एक मुलगी एक्स-रेला आली. दादांनी ओळखलं, ही तर वॉरिकच्या बाजूची डिफेंडर, गेली दोन वर्षं आपण हिच्या मागावर आहोत. दुसऱ्या कुणीही तिथेच विचारलं असतं. दादांनी नुसतं "हात इकडे, हलू नका" एवढंच म्हटलं, फोटो काढला आणि बाहेर येऊन फार्मसीच्या खिडकीपाशी येरझारा घालायला लागले.

"विचारा ना मग," मी म्हटलं.

"पेशंट आहे ती आत्ता. त्या दाराच्या आत मी क्लबचा नाही."

प्लास्टर निघेपर्यंत त्यांनी कळ काढली. कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात ते वहिनींच्या हातच्या चिवड्याचा डबा घेऊन तिच्या शेतावर हजर. ती आली आमच्याकडे. चिवड्यामुळे आली, असं ती अजून सांगते.

पण क्लबचा जीव होता तो कॅप्टनमध्ये. ही गावाच्या पश्चिमेकडची, ज्वारी-गव्हाच्या शेतावर वाढलेली मुलगी. दादांनी तिला शाळेच्या मॅचमध्ये हेरलं होतं. पेनल्टी कॉर्नरला तिने मारलेला चेंडू दिसायचा नाही, फक्त गोलच्या फळीवर आदळल्याचा आवाज यायचा. तिचा कॉन्ट्रॅक्ट संपत आला आणि ब्रिस्बेनच्या एका क्लबने तिच्यापुढे मोठा आकडा ठेवला.

दादांची झोप उडाली. एमआरआयच्या दोन पेशंटांमध्ये ते पार्किंगमध्ये जाऊन फोन करून यायचे. तिला तीन वर्षांसाठी बांधून ठेवायचं तर कॅपमध्ये जागा करायला हवी होती, म्हणजे कुणाला तरी बाहेर धाडायला हवं होतं. पण आमच्या बाकीच्या मुली कुणालाच नको होत्या. हवी होती ती एकच. मेलबर्नच्या एका क्लबला आमची गोलकीपर हवी होती, आणि तिच्या बदल्यात ते कमी मानधनाची एक नवी गोलकीपर द्यायला तयार होते.

आमची गोलकीपर म्हणजे दादांची मुलगी.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. मुलगी नुकतीच शाळेत शिकवायला लागली होती. मराठी तिला सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं. दादांनी भात वाढून घेता घेता विषय काढला.

"बाबा, यू आर ट्रेडिंग मी?"

"तुला नाही गं. तुझा कॉन्ट्रॅक्ट."

"दॅट्स वर्स."

वहिनींनी पळी भांड्यात आपटली. "लोक पोरीसाठी स्थळं शोधतात. हा माणूस क्लब शोधतोय. तेसुद्धा मेलबर्नला!"

"तिथे कोच चांगला आहे," दादा म्हणाले. "ती पुढे जाईल. इथे माझ्या सावलीत..."

"मी सावलीत नाहीये," मुलगी चक्क मराठीत म्हणाली आणि ताट घेऊन उठली. तिच्या संमतीशिवाय ट्रेड होणार नव्हता. दोन दिवसांनी तिने कागद सही करून फ्रिजवर लावून ठेवला, बापाशी एक शब्द न बोलता.

आता त्या गुरुवारचं सांगते.

संध्याकाळी कमिटीची बैठक होती. कॅप्टनचा कॉन्ट्रॅक्ट आणि गोलकीपरचा ट्रेड, दोन्ही एकदम मंजूर व्हायचे होते. त्याच दुपारी दादा फार्मसीच्या खिडकीपाशी आले. मला वाटलं, आता संध्याकाळची फुशारकी ऐकायला मिळणार. पण आज किल्ली खिशात होती. काउंटरवरच्या खोकल्याच्या गोळ्यांची पाकिटं त्यांनी एका ओळीत लावली, मग विस्कटली, पुन्हा लावली.

"दादा, बरं नाही का?"

"बरा आहे."

बैठकीत आमचे प्रेसिडेंट, म्हणजे एक निवृत्त शेतकरी, खुशीत होते. "मेट, तूच जमवलंयस हे सगळं. तूच मांड."

दादा खिडकीशी उभे होते. "मी या विषयात बोलणार नाही. मतही देणार नाही. तुम्ही ठरवा."

"म्हणजे? डील चांगलं नाही का?"

"मी काही बोलू शकत नाही."

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खजिनदारीण बाई हळूच म्हणाल्या, "मुलीसाठी जीव तुटतोय त्याचा. साहजिक आहे." कुणीतरी हसलं. प्रेसिडेंट जरा चिडून म्हणाले, "महिनाभर आमच्या मागे लागलास आणि आता ऐनवेळी पाय मागे? पोरीला पाठवायचं नसेल तर सरळ सांग."

"नाही बोलू शकत," एवढंच दादा पुन्हा म्हणाले आणि बाहेर गेले. काचेतून दिसत होतं, पार्किंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते फेऱ्या मारत होते. आत आम्ही हात वर केले. सगळं मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी कॅप्टनने सही केली. आठवड्याभरात दादांची मुलगी दोन बॅगा आणि पॅडचं ते अवाढव्य बोचकं घेऊन मेलबर्नला गेली. विमानतळावर तिने आईला मिठी मारली. बापाला "बाय" म्हणाली.

सीझन सुरू व्हायच्या आधीच बातमी फुटली. कॅप्टनच्या गुडघ्याचं ऑपरेशन होणार. सही करायच्या आधीच सरावात गुडघा मुरगळला होता, तेव्हा ती सगळ्यांना "नो वरीज" म्हणाली होती. लिगामेंट तुटलं होतं. वर्षभर खेळणं बंद. आणि कॅपमधली सगळ्यात मोठी जागा तिच्या नावावर अडकलेली.

मग लोकांनी हिशेब जुळवला. गावात एमआरआयची मशीन कुठे आहे, आणि तिथे कोण काम करतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. शनिवारी क्लबच्या कँटीनच्या दारात प्रेसिडेंटनी दादांना गाठलं. "तुला माहीत होतं."

"कुणाचं काय तपासलं ते मी सांगत नसतो."

"आम्हाला सावध करता आलं असतं तुला! एक शब्द!"

पुढच्या बैठकीत त्यांना रिक्रूटरपदावरून काढलं. आधी लोक म्हणत होते, पोरीसाठी क्लबला सोडलं. आता म्हणायला लागले, क्लबला खड्ड्यात जाताना बघत राहिला. दोन्ही बोलणारी माणसं तीच.

मी एकदा न राहवून म्हटलं, "दादा, निदान डॉक्टरकडून तपासणी करून घ्या, एवढं तरी बैठकीत म्हणता आलं असतं."

ते चालता चालता थांबले. "आजवर कुठल्या पोरीची तपासणी मागितली मी? कधीच नाही. आणि समज, एखाद्या दिवशी मागितली, तर ऐकणाऱ्याला काय कळेल?"



क्लबने खास सभा बोलावली. दुखापत लपवली म्हणून कॅप्टनचा कॉन्ट्रॅक्ट रद्द करायचा, असा ठराव होता. ती कुबड्यांवर आली. चोवीस-पंचवीसची मुलगी, पण त्या दिवशी शाळेतली वाटत होती. म्हणाली, "मी खोटं बोलले. सही झाली नसती तर माझ्याकडे काहीच उरलं नसतं, म्हणून. बैठकीच्या दिवशी दुपारीच माझा स्कॅन झाला. यांनीच केला." तिने दादांकडे बोट केलं. "मला वाटलं, हे संध्याकाळी सांगणार. मी रात्रभर फोन वाजायची वाट बघितली. तो वाजला नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता लाज वाटते."

आणि मागच्या भिंतीपाशी उभे असलेले दादा, ज्यांचं आता तिथे काही पद नव्हतं, पुढे आले.

"तिचं चुकलं," ते म्हणाले. "पण तिला आपण आज हाकलली, तर उद्या सराव करताना जिचा पाय दुखेल ती प्रत्येक मुलगी लपवेल. तिला ठेवा. बरी होऊ द्या."

"आणि कॅपचं काय?" कुणीतरी ओरडलं.

"एक वर्ष हरू," दादा म्हणाले.

बरीच वादावादी झाली. शेवटी तीन वर्षांचा कॉन्ट्रॅक्ट एका वर्षाचा केला, पण ठेवली. आणि दादांचं म्हणणं अक्षरशः खरं झालं. आम्ही हरलो. नवी गोलकीपर बिचारी जीव तोडून आडवी पडायची, चेंडू तिच्यावरून जायचे. दादा मैदानाच्या पार पलीकडच्या कडेला, एकटेच, चेंडूबरोबर इकडून तिकडे चालत असायचे. त्यांच्याजवळ फारसं कुणी जायचं नाही.

मेलबर्नला मुलीला हे सगळं कळलं तेव्हा तिने फोन केला. मला वहिनींनी सांगितलं. फोन स्पीकरवर होता. "बाबा, तुम्ही बोलला असतात तर मी घरी असते. यू कुड हॅव केप्ट मी."

"हो," दादा म्हणाले.

वहिनींना वाटलं फोन कट झाला, त्यांनी हातात घेऊन बघितलं, तर चालू होता. मग तिकडून मराठीत प्रश्न आला, "जेवलात का?"

दादा जेवले नव्हते. "जेवलो," म्हणाले, आणि अंगणात निघून गेले.

त्या वर्षाच्या शेवटी दादांनी मेलबर्नला नोकरी शोधली. हॉस्पिटलात त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. पण गाव लहान. सुपरमार्केटमध्ये दोन ओळी सोडून वळणाऱ्या ट्रॉल्या त्यांना दिसत होत्या. तिथल्या टार्निट भागात मुलगी राहत होती, तिच्या जवळच त्यांनी घर भाड्याने घेतलं. आता तिथल्या एखाद्या मैदानाच्या कडेला येरझारा चालू असतील. मला अधूनमधून फोन येतो. "तुमच्याकडे लेफ्ट हाफ कोण आहे? दे की." मी आता कमिटीत नाही हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

ते निघाले त्या सकाळी मी निरोप द्यायला गेले होते. गाडी भरलेली होती, त्यातच माझ्या घरापर्यंत मीही बसले. वाटेत क्लबच्या मैदानापाशी त्यांनी गाडी थांबवली. "दोन मिनिटं," म्हणाले. वहिनी आणि मी गाडीला टेकून उभ्या राहिलो.

पाण्याचे फवारे नुकतेच बंद झाले होते, निळं टर्फ ओलं होतं. कॅप्टन एकटीच तिथे होती. नुकतीच तिला हलक्या सरावाची परवानगी मिळाली होती. गुडघ्यावर काळी पट्टी बांधून ती रिकाम्या गोलमध्ये चेंडू मारत होती, सावकाश, एकेक. दादा गोलमागून आत गेले. तिने त्यांना पाहिलं आणि काठी खाली केली. दोघं काही बोलली असतील तर आम्हाला ऐकू आलं नाही.

मग दादांनी वाकून जाळीतला एक चेंडू उचलला आणि तिच्याकडे घरंगळत सोडला. तिने तो अडवला, मारला. फळीवर आवाज झाला. त्यांनी पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. वहिनींनी खिडकीतून हॉर्नकडे हात नेला आणि मागे घेतला. दादांचे बूट पार भिजले होते.