रश्शात मीठ कमी आहे

होडीत सात-आठ पाहुणे बसले की कप्तानबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. बेटाचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता आणि जिथे नव्हता तिथे त्या बिनदिक्कत पदरची भर घालायच्या. गुहेत शिरलं की कंदील वर धरून म्हणायच्या, "या गुहेत एक घराणं राहायचं, पलीकडच्या गुहेत दुसरं. मधल्या झऱ्यावरून दोन पिढ्या अबोला! माणसांनी किती हट्टी असावं?"

मग सगळ्यांना घेऊन त्या बेटावरच्या थोरल्या जाऊबाईंकडे जेवायला जायच्या. या दोघींचा अबोला घराच्या वाटणीपासूनचा. धंदा मात्र सामायिक, त्यामुळे निरोप पाहुण्यांमार्फत जायचे.

"त्यांना सांगा, रश्शात आजही मीठ कमी आहे," कप्तानबाई शेजारच्या गृहस्थांना म्हणाल्या. गेले काही महिने त्यांची ही एकच तक्रार होती.

रस्सा ओरपता ओरपता गृहस्थ म्हणाले, "माझ्यात तर अगदी बरोबर आहे हो."

कप्तानबाईंनी खुशाल त्यांच्या वाटीत चमचा घालून चाखलं. मीठ खरंच बरोबर होतं.

चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "सांगा तिला, तिचा रस्सा मी वेगळा काढते. ब्लडप्रेशर वाढलंय म्हणे. मला कोण सांगतंय, पण कानावर येतं."

गृहस्थ इमानेइतबारे वळले. "त्या म्हणतात की..."

"ऐकलं मी, बहिरी नाहीये!" कप्तानबाई खेकसल्या आणि आपली वाटी घेऊन थेट चुलीपाशी गेल्या. "ताई, वाढा अजून थोडा. माझ्यातलाच."