वाढ दिसतेय

"मावशी, पाय बघ गं. आतून नुसता तापलाय," संजना म्हणाली.

मी हात लावला. गुडघ्याखाली गरम होतं, सूजही होती. ताप मोजला. ताप नव्हता. अंगणात असलेल्या तिच्या वडिलांना, आबांना, हाक मारली.

मी घरोघरी जाऊन पेशंट सांभाळते. शिक्षण चौथी. पुसणं, कुशीवर वळवणं, ड्रेसिंग, गोळ्या, हे माझं काम. कडाव गावातल्या या घरी मी संजनाच्या ऑपरेशननंतर आले. तिच्या नडगीच्या हाडात कॅन्सर होता. मुंबईच्या डॉक्टरांनी तेवढं हाड काढून टाकलं. मग तिच्याच कमरेच्या हाडातला मगज सुईने ओढला, त्यातल्या स्टेम सेल लॅबमध्ये वाढवल्या आणि पायातल्या मोकळ्या जागेत एका जाळीदार तुकड्यावर बसवल्या. स्टेम सेल म्हणजे कच्च्या पेशी. हाडाच्या जागी ठेवल्या की त्यांचं हाड होईल, अशी आशा. खात्री नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. आबा भातशेतीवाले. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की पोरीच्या हाडात बी पेरलंय.

आठवड्यापूर्वी कर्जतला एक्स-रे काढून फोटो मुंबईला पाठवला होता. तिथल्या ज्युनिअर डॉक्टरचा फोन आला. स्पीकरवर एवढंच ऐकू आलं, "वाढ दिसतेय. घेऊन या तिला." मग रेंज गेली.

आबांनी पेढे वाटले. मीही खाल्ला. "वाढतंय ना, मग घाई कशाला? कापणी उरकू दे, मग जाव," आबा म्हणाले.

आता पाय गरम लागला तेव्हाही ते हसले. "मावशी, मोड आणायला भात पोत्यात दडपतो, तवा हात घालून बघितलाय? गरमच लागतं. जीव धरतंय ते."

"आन् दुखतंय त्याचं काय?" संजनाने विचारलं.

"वाढताना दुखणारच गं."

"तुमाला बोलाया काय जातंय? पाय माजा हाय."

मी म्हटलं, "आबा, भात राहू द्या. फोन करा."

"आन् शेतातलं भात भिजलं तर तू येशील सुकवायला?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. मग मी विषय सोडला. मोडाचं भात गरम होतं, ते मलाही माहीत होतं. मलाही ते पटलं.

कापणी उरकून मुंबईला गेलो. मोठ्या डॉक्टरांनी नवा फोटो काढला आणि जुन्याशेजारी लावला.

"इतके दिवस कुठे होता?"

"तुमचेच डॉक्टर बोलले, वाढ हाय."

"गाठीची वाढ. कॅन्सर परत आलाय. म्हणून तर घेऊन या म्हटलं."

आबांना ते कळलं नाही. त्यांनी विचारलं, "मग हाड?"

"हाड भरलंच नाही."

लवकर आलो असतो तर पाय वाचला असता का, असं मी विचारलं. "प्रयत्न केला असता," डॉक्टर म्हणाले. पाय गुडघ्याच्या वर कापला.

जखम भरल्यावर उरलेल्या मांडीला घट्ट पट्टी बांधतात, म्हणजे सूज उतरते आणि नकली पाय नीट बसतो. ती पट्टी मी आबांना शिकवायला गेले. संजना त्यांना हात लावू देईना. शेवटी तिलाच शिकवली. चांगली बांधते.

मी अजून काम करते. आता फोनवर कोणी डॉक्टर वाढ म्हणाला की विचारते, "कशाची?" काही जण चिडतात. चिडू देत.